किती पावलं

तुळशीराम पुसदहून आला, पिशवीत पाच किलो तूरडाळ,
चहा घेता घेता म्हणाला, गाव दाखव तुझं.

सकाळी मसुंद्यावर नेलं त्याला.
सांगितलं, पूर्वी इथे साठ तलाव होते.
कोणी पासष्ट म्हणतं.
आकडा प्रत्येक ठाणेकर आपापल्या मगदुराप्रमाणे वाढवतो.
कौपिनेश्वराची पिंड दाखवली, कवेत न मावणारी.
टेंभीनाक्याला सिनेगॉगचं बंद फाटक,
त्याच्याशी खुर्ची टाकून बसलेला पेंगुळला पहारेकरी.
मी बोलत होतो. मला बोलायला आवडतं.
तो मान हलवत होता
आणि मधूनच हवेत नाक वर करून थांबत होता,
गुरं थांबतात तसा.

जांभळीनाक्याच्या बाजारात एका बाईने
वाळल्या करंदीची ओंजळ त्याच्यापुढे धरली.
तो तिथेच उभा.
"हा वास मले माहीत आहे."
म्हटलं, पुसदला कुठली रे करंदी?
त्याने पावशेर घेतली. घासाघीस न करता.

मग रिक्षातून, दुपारच्या उन्हात,
"आणि हा किल्ला," मी म्हटलं,
"पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला,
आता तुरुंग आहे. आत सोडत नाहीत.
बघण्यासारखं काही नाही."

"थांबव रिक्षा," तो म्हणाला.
"मी पाह्यलाय."

सन पंच्याहत्तर. बावीस वर्षांचा पोरगा,
भिंतीवर चार ओळी रंगवल्या म्हणून अकरा महिने.
अकराच वर्षं मी पुसदच्या शाखेत होतो,
समोर त्याचं सायकलीचं दुकान,
किती वेळा हवा भरून घेतली, पंक्चर काढून घेतली,
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत
आम्ही जगातल्या सगळ्या गोष्टी बोललो.
हे कधी वर आलं नाही.

"झरोका लय उंच होता. त्यातून निस्ता वास ये.
खारा, चिखलाचा, मासोळीचा.
म्या तवा समुद्र पाह्यला नव्हता.
बाजूले मालेगावचा एक विणकर होता, युनूस.
आमी पैज लावली,
भिंतीपासून पाणी किती पावलं.
म्या म्हणलो शंभर. तो म्हणला हजार.
सोडलं तवा रात्र होती.
सरळ गाडीत बसवलं."

रिक्षावाल्याने मीटर बंद केलं. त्यालाही ऐकायचं होतं.

तुळशीरामने भिंतीला पाठ लावली
आणि निघाला, ओठ हलवत.
मी मागे, त्याची पिशवी घेऊन.
खाडी सरळ भेटत नाही आमच्या गावात.
आधी एक गटार, मग गॅरेज, मग कोणाचं तरी अंगण,
तिथे वाळत घातलेली जाळी
आणि "कोन पायजे?" विचारणारी म्हातारी.
"पाणी," मी म्हटलं.
ती हसली. "पानी गेलंय. येल आता."
पंचाहत्तर पावलांनंतर त्याला धाप लागली,
शंभराला तो क्षणभर थांबला,
इकडेतिकडे पाहिलं, काही म्हणाला नाही.

रस्ता संपला तिथे तिवरं.
त्यांच्या मुळांशी काळा, चकाकता, फुसफुसणारा चिखल,
आणि लांबवर, पारसिकच्या डोंगराखाली,
पाण्याची एक बारीक पट्टी.
मी इथे जन्मलो.
इथे शेवटचा कधी आलो होतो, आठवेना.

"चिखल धरावा का पाणी?" त्याने विचारलं.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पालथ्या होडीवर बसलो.
त्याने करंदीची पुडी उघडली, कच्चीच एकेक चघळली.
"युनूस गेला," म्हणाला, "कोरोनात. त्याच्या पोरीचं पत्र आलं होतं."

पाणी आलं ते दिसलं नाही.
आधी चिखलातल्या खेकड्यांची धावपळ,
मग भोकं भरत गेल्याचा आवाज,
मग तिवरांची मुळं बुडाली.
तुळशीराम उठला, उरलेली पावलं टाकत काठाशी गेला.
"सहाशे बारा," मोठ्याने म्हणाला.
लाट नव्हती, नुसती सरकती कड,
तिने त्याची चप्पल भिजवली.

तो एक पाऊल मागे आला.
"सहाशे अकरा."