जवळजवळ नाही

पाषाण रस्त्याला, तळघरात,
स्टीलचं एक पोट आहे, आठ काचांचं.
आत हवा नाही.
म्हणजे, जवळजवळ नाही.
ह्या 'जवळजवळ'पायी माझी सहा वर्षं गेली.

गुरुवारी वीज जाते हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही,
म्हणून भट्टी शुक्रवारी.
पोळ्या गुंडाळाव्यात तसं सगळं फॉइलमध्ये गुंडाळून
दीडशे अंशांवर तीन दिवस.
तरी भिंतीला धरून बसलेलं पाणी
निघता निघत नाही.

झाकण बसवतात वडके.
घर तांबट आळीत, वडिलांनी जन्मभर हंडे आणि घंगाळं ठोकली.
हे तांब्याची कडी लावतात, बांगडीएवढी,
आणि समोरासमोरचे बोल्ट पिळतात, पाव-पाव आटा.
"तांबं एकदाच चावून घेतं.
दुसऱ्यांदा गळतं."
वापरलेल्या कड्या खिळ्याला अडकवलेल्या.
भंगारात कधी द्यायच्या, विचारलं,
तर म्हणाले, "असू द्या की."

आणि निकेल, नखाएवढं.
लाल होईतो तापवलं, निववलं.
आता त्याच्यावर काही नाही,
आणि हे काही नाही टिकतं
सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत.
केसभर व्हॉल्व्ह उघडला. कार्बन मोनॉक्साइड, शंभर सेकंद.
आधी आलेले रेणू आले तिथेच बसले,
मागचे टेकले, उठले, जागा हुडकत हिंडले,
उरलेले माघारी.
किती बसले, ते असं कळत नाही.
उठवावं लागतं.

सेकंदाला दोन अंश.
रेघ सपाट. सपाट. वडक्यांचा चहा निवला.
एकशे साठला अठ्ठावीसचा डोंगर वर आला,
सुबक, पुस्तकात असतो तसा.
नायट्रोजनही अठ्ठावीसच. चौदाकडे पाहिलं,
चौदा जेमतेम. म्हणजे गळती नव्हे.
पण डोंगराच्या अलीकडे एक टेंगूळ होतं,
आणि त्याच्याबरोबर
त्रेचाळीस, सत्तावन्न.
तेलाची लक्षणं.

मी काही बोलले नाही.
वडके पडद्याकडे पाहत राहिले,
मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे.
"मोजा फाटला होता," म्हणाले. "वाटलं, एवढ्याशानं काय होतंय."

वहीत लिहिलं: टेंगूळ, नव्वद अंश. कारण: अंगठा.
मग 'अंगठा' खोडून 'हाताळणी' केलं.
मग तेही खोडलं.

शुक्रवारी पुन्हा उघडलं.
त्यांनी नवे मोजे घातले, एकावर एक, दोन जोड,
आणि खिळ्यावर
आणखी एक कडी.