जवळची खूण

फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो,
'जवळची खूण'.
इतवारीतले लोक तिथे हमखास
नसलेली वस्तू लिहितात.

भाचा फोन करतो, गाडी चालूच:
"मामा, रजनी टॉकीजच्या मागे म्हणजे कुठं?
मॅप तं काहीच नाही दाखवून राहिला."

मी कुलरसमोर बनियनवर बसलेला.
सांगतो, आता तिथे साड्यांचं दुकान आहे, चार मजली,
सगळी काच, मे महिन्यात पाहवत नाही तिच्याकडे.
डाव्या अंगाला बोळ.
बोळाच्या तोंडाशी सायकल-स्टँड होता,
वीस पैसे अन् पत्र्याचा बिल्ला.
तिसरं दार. वर चढू नको, जिना कच्चा आहे,
हाक मार, बाई दोरीनं टोपली सोडतील.

"तुम्हाले कसं माहीत, बावा?"

एकतीस वर्षं खाकी झोळी वाहिली
इतवारी ते मस्कासाथ.
तेवढ्यात कळतं, कोणाचा जिना कच्चा आहे.

रजनीत मी सिनेमे फार पाहिले नाहीत.
गेटवर संपत धकाते असायचा, तिकिटं फाडणारा.
बायको पवनीला. तिचं कार्ड आलं की
पडद्याआड मला उभं करी अन् म्हणे, वाचा.
आत गोळीबार चाललेला,
अन् मी भिंतीला टेकून, हळू आवाजात:
लहानीले दात येऊन राहिले,
बकरी विकली,
तुमचं जेवण वेळेवर होते का.
मध्यंतराची घंटा झाली की कार्ड खिशात घालून
तो सोडावाटरवाल्याला ओरडायला जाई.

भोंगा तर नुसता आवाज. त्याला कोण पाडणार?
तरी एम्प्रेस मिल थांबली तेव्हा
शेवंताबाई निमजेंच्या घरी कित्येक दिवस
भात कधी कच्चा, कधी करपलेला.
त्या भोंग्यावर आधण ठेवायच्या.
भिंतीवरचं घड्याळ, म्हणायच्या,
पाहावं लागते.

छोट्या लाइनची गाडी इतकी सावकाश
की कोणी उतरून लघवी करून परत चढे.
तिचे रूळ उचलले
तेव्हा मी बघायला गेलो नाही.
त्या दिवशी काही काम होतं असंही नाही.

खेमराज म्हणतो, टॉकीजवरचं घड्याळ पूर्वेकडे होतं.
मी म्हणतो पश्चिमेकडे,
संध्याकाळी काट्यावर ऊन यायचं.
आधी आम्ही भांडायचो.
पण भांडायला निदान भिंत तरी लागते.
आता तो म्हणतो, असेल बा,
अन् दोन चहा सांगतो, एक बिनसाखरेचा.

मागच्या महिन्यात दवाखान्यातून येताना
आटोवाल्यानं विचारलं, कुठं सोडू काका?
आणि माझं तोंड, एकतीस वर्षं पत्ते वाचलेलं,
म्हणालं,
मेट्रोचा पिलर, दोनशे बारा.

तो लगेच निघाला.
एक प्रश्न नाही, एक चुकीचं वळण नाही.
मी मागे बसून राहिलो
कोणीतरी आपलं पाकीट काढून घेतल्यासारखा
आणि काढणारा हात आपलाच.

घरी आलो तर भाच्याचा फोन वाजत होता.
उचलला, तर तो माझ्याशी बोलतच नव्हता.
खिशातून लागला असावा.
कोणा बाईला रस्ता सांगत होता:
"नाही ताई, टॉकीजच्या पुढून नाही,
बाजूनं या.
सायकल-स्टँड होता ना तिथं,
हो, तोच बोळ."

रजनी पडली तेव्हा तो जन्मलाही नव्हता.
पण 'होता ना' असा म्हणाला
जसं काही कालच दुपारच्या खेळाला
तिथे सायकल लावून गेला असेल.

मी फोन कानाशी धरून उभा राहिलो.
आतून हॉर्न येत होते, कोणी हसलं,
मग नुसती गाडी.

बिल्ला हरवला तर एक रुपया दंड असे.
हे त्याला सांगायचं राहून गेलं.