भोकाचा काठ

शारजा. अल सजाआच्या भंगारगल्लीमागं शेड नंबर बावीस.
बाहेर सत्तेचाळीस, आत कूलर नुसताच खोकतो.
खल्फानला वाळूवर पळवायची गाडी हवी होती,
पत्रा पातळ, पण लवायचा नाही.
फोनवर त्यानं चित्र दाखवलं:
पट्टीला ओळीनं भोकं,
आणि प्रत्येक भोकाला आत वळलेला ओठ.
साचे बाहेरून येतात म्हणाला, चाळीस दिवस.
किंमत ऐकून जरवली उस्तादनं
नसवार थुंकली, "इधर बनाएंगे."

भंगारात एक शाफ्ट होता, कुठल्या मासेमारी बोटीचा,
खारं पाणी पिऊन वरून कुरतडलेला.
करवतीनं दोन तुकडे पाडायला अख्खी दुपार गेली.
आत पोलाद निळसर, घट्ट,
समुद्र तिथवर पोचलाच नव्हता.

लेथवर आधी नर:
नाक भोकाएवढं, मग उतार, मग खांदा.
मग मादी: पोटात तोच उतार,
मधे पत्र्याच्या जाडीइतकी जागा, बस्स.
जास्त सोडली तर सुरकुती,
कमी सोडली तर पत्रा कातरला जाणार.
उस्ताद व्हर्नियर वाचत नाही.
तो सुतात बोलतो, मी मिलिमीटरमध्ये,
आणि बिनोय, जो अजून कुठल्याच मापात बोलत नाही,
ऑइल सोडतो थेंब थेंब.
निळे कुरळे सुटत राहिले, त्याच्या बाहीत अडकले.

उदघाटनाला नारळ नव्हता. खजूर खाल्ले.
ट्रकच्या जॅकची घरगुती प्रेस, चार आय-बीम, जुन्या लेफ स्प्रिंगा.
पत्रा ठेवला, नट आवळला, जॅक उचलला.
एक कण्हणं.
मग टच्च.
काठ तीन जागी फाटला, भाजलेल्या पापडासारखा.

खल्फान काही बोलला नाही, हे जास्त लागलं.
उस्ताद पत्रा उजेडात धरून बघत बसला.
मग बोटाची कड भोकाच्या आतून फिरवली,
रक्ताचा एक बारीक धागा.
"बर," तो म्हणाला. करवतीनं सोडलेले काटे.
फाटायचं तिथूनच सुरू होतं.

मला माझ्या काकाची आठवण झाली,
इचलकरंजीच्या कासारगल्लीत
घागरीचा काठ वळवण्याआधी
तो धातूवर नुसता अंगठा फिरवत बसायचा,
आम्हाला वाटायचं, काम टाळतोय.

तर पुढची सगळी संध्याकाळ कानस.
गोल कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा बोट.
रक्त आलं नाही तेव्हाच पत्रा साच्यावर चढला.
जॅक. कण्हणं.
शांतता.
मादीतून पत्रा सुटला तेव्हा
भोकाला ओठ होता, गुळगुळीत,
एखाद्यानं "ऊ" म्हणताना धरलेला.
बिनोयनं पट्टी दोन्ही हातांनी वाकवून पाहिली.
वाकली नाही.
"कम हुआ, लेकिन ज्यादा हुआ," तो म्हणाला,
आणि मग स्वतःच गोंधळला.

चौऱ्याऐंशी भोकं पाडली.
चौऱ्याऐंशी चकत्या खाली पडल्या.
आम्ही त्या खोलीवर नेल्या, कॅरमला सोंगट्या कमी होत्या.

तीन वर्षांनी व्हिसा संपला.
साचे उस्तादनं माझ्या हातात दिले,
वर्तमानपत्रात गुंडाळून, तेल लावून.
साडेचार किलो.
बॅगेतून दुधाच्या पावडरीचे दोन डबे काढावे लागले,
एक घोंगडी, आणि वहिनीनं सांगितलेला मिक्सर.

विमानतळावर पडद्यात दोन काळे गोळे दिसले.
ऑफिसरनं बॅग उघडली, कागद सोडला, पोलाद हातात तोललं.
"क्या है? होल करता है?"
नाही साहेब, म्हटलं, भोक आधीच असतं.
हे फक्त त्याला काठ देतं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मग साच्याच्या नाकावरून अंगठा फिरवला,
सवयीनं असेल.
कागद नीट गुंडाळला,
पण उलटा. तेल बाहेर आलं,
माझ्या शर्टावर त्याचा डाग
अजून आहे.