साखर पेठेत पाण्याची रात्र

आज पाचवा दिवस. पाणी अडीचला येतं,
कधी तीनला, कधी येतच नाही.
म्हणून मी आणि यादम्मा, माझी नणंद,
पायरीवर बसून असतो
दोन बॅरल, सात घागरी आणि रंगाचा एक जुना डबा मांडून.

मे महिना. भिंत अजून तापलेली,
पाठ टेकली की इस्त्री.
समोरच्या शेडमध्ये रात्रपाळीचे दोन माग
टॉवेल विणतायत, नुसते टॉवेल.
एवढा घाम कोणाला येतो जगात?

फ्रिजमध्ये श्रीकरचा कॅन होता.
पुतण्या, बेंगळूरला असतो,
रविवारी आला, मंगळवारी गेला, विसरला.
किंवा विसरला नाही.
बारका, पिवळा, अंगावर लिंबू काढलेलं.
यादम्मानं हात लांब करून वाचलं:
साखर कमी. गॅस नाही.
आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात
दारू, साडेचार टक्के.

"साखर कमी म्हणजे आपल्यासाठीच की ओ वैनी."
तिची दोनशे दहा, माझी एकशे नव्वद.
डॉक्टर विचारतात, राहता कुठं?
साखर पेठ म्हटलं की हसतात.
दर वेळी.

मी सोडावाल्याची बायको.
अठ्ठावीस वर्षं गोळी सोडा.
मशीन फिरवताना बाटली फुटली एकदा,
डाव्या भुवईवर खूण राहिली ह्यांच्या.
अंगठ्यानं गोळी आत दाबायचे,
बाटली किंचाळायची,
आणि गल्लीतली पोरं उगीचच पळायची.
आवाज नाही ते सरबत, म्हणायचे,
तापवाल्याला द्यायचं.
दारूला हात नाही लावला.
दारूवाल्यांना सोडा मात्र पुरवला पेठभर,
वहीत अजून सव्वाशे बाटल्यांचं येणं आहे.

कडी ओढली.
टिच्.
मी कान देऊन थांबले, पुढचं काही येईल म्हणून.
आलं नाही.

स्टीलचे दोन पेले. अर्धा अर्धा.
पहिला घोट: लिंबू खरं होतं,
पण सालीसकट पिळलेलं, घाईत,
बी चावल्यासारखं मागं कडू.
आमच्याकडं असं लिंबू कोणी विकलं असतं
तर ह्यांनी त्याला गाडीवरनं परत धाडलं असतं.
"मीठ नाही ओ यात," यादम्मा म्हणाली,
आत जाऊन चिमूटभर घेऊन आली,
शिवाय शेंगाचटणी, वाटीत, बोट चाटायला.
आता जमलं.
मीठ उतरलं, लिंबू शहाणं झालं,
आणि त्याच्या पाठीमागून
कोणीतरी दबकत चालत आलं
आणि छातीत बसलं. मांडी घालून.

"अण्णा असता तर शिव्या घातला असता," मी म्हटलं.
ती हसूलाली. हसता हसता थांबली.
"अण्णा पिलेला एकदा.
तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री.
शिंदी. दोन मडकी.
भीतीनं ओ वैनी. मीच आणून दिलते."

माग खडखडत राहिले.
अडतीस वर्षं.
भुवईवरची खूण मला पाठ होती,
बोटानं शोधली असती अंधारात,
आणि ही दोन मडकी घरातच होती
तिच्या पोटात, मला न दिसता.
राग यायला पाहिजे होता. शोधला. सापडला नाही.
"मीपण भ्यालेली," मी म्हटलं.
"मला कोणी काही आणून दिलं नाही."

यादम्मानं तिच्या पेल्यातलं उरलेलं
माझ्या पेल्यात ओतलं.
बोलली नाही.
कोमट झालं होतं, घोटभर,
तळाला न विरघळलेलं मीठ.

तीनला दहा कमी असताना नळ खोकला.
आधी हवाच येते आमच्याकडं,
फुसफुस, थुंकी उडवत,
घागरीच्या तोंडात शिट्टी घालत,
गंजाचं लाल पाणी, मग पांढरं फेसाळ.
"घे," यादम्मा म्हणाली, पदर खोचत,
"आला तुझा गॅस."

आणि पहिली घागर लावली.