पाणी कसंय?

चैत्राची सप्तमी. पहाटे पावणेपाचला
दाभोळच्या खाडीतून कचरूचा फोन.
पाणी कसंय, एवढंच.
आम्हा भोयांत आधी पाण्याची ख्यालीखुशाली,
माणसांची मागनं.

मी सांगते, उतरलंय.
काल होतं तिथनं बारा पावलं आत गेलंय.
कालव्याला आवर्तन सुटलंय ना.
वारा अजून निजलेला.
नऊच्या सुमाराला पश्चिमेकडनं उठेल,
मग थर्माकोलचा तराफा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
पाणी वर कोमट, कोपरापर्यंत हात घातला की गार,
म्हणजे रोहू जुन्या गंगेच्या पात्रात जाऊन बसलाय,
तिथवर आपलं जाळं पुरत नाही.
काठाला नुसती चिलापी.

तो म्हणतो, इथं दिवसातनं दोनदा येतं नि दोनदा जातं, सोजर,
लई घाईचं पाणी.
आज मात्र भांग आहे, जोर नाही त्याला.
चिखल तापला की बोयटं तिवरांच्या मुळ्यांत शिरतात,
त्यांच्या मागावर जिताडा.
ओहोटीच्या तोंडाशी जाळं लावायचं
नि डास मारत बसायचं.

मी तिवर बघितलेलं नाही.
मला बाभळीची खुंटं ठाऊक आहेत,
धरणाआधी कुणाच्या तरी बांधावर उभी होती.
उन्हाळ्यात डोकं वर काढतात
आणि जाळं फाडतात.
आमची भरती वर्षातनं एकदा,
भादव्यात, नाशिककडच्या पाण्यानं.
पुढे सगळी ओहोटीच.
तुझ्या पाण्याला चंद्र आहे, कचरू.
आमच्या पाण्याला पाटबंधारे खात्याचा एक माणूस आहे,
चाक फिरवतो.
भला आहे तसा. मासे घेतो, पैसे देतो.

खारं म्हणजे किती खारं रे?
तो जरा थांबतो.
जाळं वाळवलं की उभं राहतं, म्हणतो.
मग कुणीतरी त्याला हाक मारतं,
मागं इंजिन खोकतं,
फोन बंद.

पाणी सरकलंय तिथं गाळ भेगाळलाय.
पलीकडे गाळपेरातली टरबुजं,
अलीकडे जमिनीवर पांढरा पापुद्रा.
मी बोट लावून जिभेवर ठेवलं.
खारट नाही, कडवट.
त्याच्या समुद्राची लांबची भावकी असेल,
सुतक न पाळण्याइतकी लांबची.

आणि खड्डे.
ताटाएवढे, गोल, एकाला एक लागून,
चिलापीनं शेपटीनं कोरलेले.
आठ दिवसांमागं इथं मांडीभर पाणी होतं,
त्यात हे संसार.
आता एकात बाटलीचं बूच,
एकात बगळ्याचं पीस,
बाकीचे रिकामे, काठ मोडलेले.

सूर्य उगवायच्या आत जाळं ओढलं.
सातला ढोरकीनहून बर्फाचा टेम्पो येतो,
त्याच्याआधी निवडानिवड.
अकरा किलो असेल, जास्त नाही.
एक मादी हाताला जड लागली,
गालफडं फुगलेली, तोंड गच्च मिटलेलं.
अंगठ्यानं जबडा दाबला
तर आतनं तिळाएवढी पिल्लं
माझ्या तळहातावर सांडली,
डोळेच डोळे.

पाणी हललं तेव्हा घर सोडून
हिनं सगळं तोंडात घेतलं होतं.
तेव्हापासून खाल्लं नसणार काही.

दीडशे रुपये किलोचा भाव आहे आज.
मी टेम्पोकडे बघितलं, अजून धूळ दिसत नव्हती.
ओंजळ पाण्यात बुडवली, हिलाही सोडलं.
ती गेली नाही.
पिंढरीपाशी तोंड उघडून थांबली,
आणि पिल्लं एकेक करून
परत आत.

हे कचरूला सांगेन असं वाटलं होतं.
पण उद्या पहाटे तो एवढंच विचारील,
मीही एवढंच म्हणेन:
उतरलंय. अकरा पावलं.
वारा नाही अजून.