आत वाळणारे कपडे

टॉवेल बाहेर. उशांचे अभ्रे बाहेर.
माझी बनियनं, भोकं पडलेली, तीही बाहेर.
ब्रोनाचे शर्ट आत,
बॉयलरच्या कपाटात, हँगरवर,
आणि कपाटाला कडी.

हे तिनेच शिकवलं मला, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात,
जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून,
औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं.
दोरीवर काही नाही, बाबा.
दुकानात कुणी विचारलं तर विमा कंपनी, बेलफास्ट.
आणि गाडीखाली बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.
तुमच्या गाडीचीसुद्धा.

चौतीस वर्षं बस चालवली मी, स्ट्रबॅन ते डेरी.
गळक्या तेलासाठी, ब्रेकसाठी हजारदा वाकलोय गाडीखाली.
आता काठीला बांधलेला आरसा घेऊन वाकतो
आणि त्यात मधूनच माझंच तोंड दिसतं,
खालून, उलटं, नाकातल्या केसांसकट.

बाटलीहिरवा.
याच रंगाने मला भिंतीला हात टेकायला लावले होते.
मी एकोणीस वर्षांचा, गारठ्यात, पाय फाकवून,
शेजारी फिंटन.
नाव सांग. शाळा सांग. एबीसीडी म्हण.
त्या आठव्या अक्षराला आम्ही 'हेच' म्हणतो, ते 'एच'.
एका श्वासाचा फरक,
पण त्या श्वासावर कळतं
तुमच्या कपाळाला कुठल्या देवळातलं पाणी लागलं ते.
मी म्हणालो, हेच.
तो सोबत्याकडे वळून हसला: हाच.
फिंटनचे दोन दात त्या भिंतीपाशी राहिले.
पुढे फिंटनही राहिला नाही, पण ती वेगळी गोष्ट.

आणि ही सतराव्या वर्षी म्हणते, पोलिसात जाणार.
मी म्हटलं, नर्स हो. शिक्षिका हो.
डब्लिनला जा, ऑस्ट्रेलियाला जा,
आपल्या मुली जातात तशी.
ती म्हणाली, मग आपल्या दारावर कायम तेच येत राहणार ना,
एच म्हणणारे?
उत्तर सुचलं नव्हतं. अजून शोधतोय.

माझ्या बहिणीने, डिंफ्नाने, फोन ठेवला तो ठेवलाच.
कॅमोगीच्या संघातून कुणी ब्रोनाला काढलं नाही.
चेंडू तिच्याकडे येईनासा झाला, एवढंच.

इस्त्री मी करतो. रात्री, पडदे ओढून.
आधी कॉलर, मग बाह्या,
खांद्यावरच्या पट्ट्या सर्वांत शेवटी.
कापड चांगलं आहे. हे मला सांगायचं नव्हतं.
कधी कधी इस्त्री पाठीवर येऊन थांबते,
आणि वास सुटेपर्यंत
माझ्या ध्यानात येत नाही की ती थांबलीये.

परवा मिसेस मकॅनेना पलीकडे कपडे वाळत घालत होती.
तुझ्या लेकीचे कामाचे कपडे कधी दिसत नाहीत रे दोरीवर.
सूर कसलाच नव्हता. तोंडात चिमटा होता,
लाकडी, कपड्यांचा.
मी म्हटलं, कंपनी धुऊन देते.
तिने चिमटा काढला, चादरीला लावला,
चादरीच्या पलीकडे गेली
आणि तिथून म्हणाली,
आत वाळलेल्या कपड्यांना वास येतो हं.

दिवसभर ते वाक्य घरात घेऊन फिरलो.
धमकी म्हणून बोलून पाहिलं,
मग शेजारीण म्हणून.
दोन्हीत बसतं.

पहाटे चारला ब्रोनाची गाडी आली.
इंजिन बंद. मग ती बसून राहते तेवढी दोन मिनिटं.
मी दिवा लावला नाही.
कपाट उघडून शर्ट नाकाशी धरला.

कुबट येत होता.

तिला काही बोललो नाही.
ती झोपल्यावर व्हिनेगर घालून पुन्हा धुतला,
पिळला, झटकला,
आणि ओल्या शर्टासकट मागच्या दारापर्यंत गेलो.
टोपलीत अकरा चिमटे होते.
मोजले. कशाला, कोण जाणे.