अडतीस चिंचोके

पहाटे पावणेपाचला गोवावेसच्या तलावावर
नीलव्वा झाडू टेकवून कठड्यावर बसते.
मी भिंतीला हात लावला की एक चिंचोका
या डब्यातून त्या डब्यात.
ओंदु, एरडु, मूरु...
अडतीस झाले की एकोणीसशे मीटर.
तिला मीटर ठाऊक नाहीत.
मला पंचविसाच्या पुढं कानडी आकडे येत नाहीत.

मी उज्ज्वला मुतगेकर, वय त्रेचाळीस,
उद्यमबागेतल्या फौंड्रीत हजेरीपट लिहिते.
पोहायला शिकले कडोलीच्या विहिरीत,
पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून.
अजूनही घाबरले
की खांदे तोच डबा शोधतात.

सायकल भाच्याची. माझ्यापेक्षा तिची ऐट जास्त.
दर रविवारी काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी.
एका ट्रकवाल्यानं काच खाली केली,
"बाई, कुठं निघालाय?"
"परत बेळगावलाच की."
बराच वेळ तो माझ्या बाजूनं हळू चालवत राहिला,
उत्तर न पटल्यासारखा.

घरी कुणी अडवलं नाही.
अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बक्षीस किती?"
पदक असतं, म्हटलं. पोचणाऱ्या सगळ्यांना.
त्यांची भाकरी परातीत थांबली.
"सगळ्यांनाच? आणि त्यासाठी सहा हजार भरलीस?"

डिसेंबरातलं हिडकलचं पाणी.
टोप्या लाल, पिवळ्या; माझी पांढरी, चाळिशीपुढच्यांची.
शिट्टी झाली आणि कुणाची तरी टाच माझ्या दातांवर.
हात लावायला भिंत नाही.
मोजायला नीलव्वा नाही.
तळ किती खाली आहे ते विचारायचं नाही,
असं मी विहिरीत असतानाच ठरवलं होतं.
खांद्यांनी डबा शोधला, सापडला नाही,
मग तसंच.

सायकलचे नव्वद किलोमीटर
संकेश्वरावरून गडहिंग्लजच्या वाटेला, दोनदा.
म्हणजे चारदा हद्द.
डांबराचा रंग बदलायचा, खड्डे थोडे जागा बदलायचे,
पाठीच्या खिशात फोन थरथरायचा: आपलं स्वागत आहे.
बाकी ऊस इकडंही तोच, तिकडंही तोच.
दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर सांडलेली कांडी,
आणि टपावरचा पोरगा ओरडला, "निधान, अक्का, निधान!"
मला निधान परवडणारं नव्हतं.
मीठ लावलेले उकडलेले बटाटे खिशातच चेंगरले,
ते हातमोज्यासकट चाटले.

धावणं एकवीस.
सतराव्या किलोमीटरला पाय माझे राहिले नाहीत,
कुणाचे होते तेही कळेना.
खांबापर्यंत, म्हटलं. पुढच्या खांबापर्यंत.
मग खांबही लांब पडू लागले.
तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, ओंदु.
एरडु. मूरु.
इप्पत्तैदु झाले की पुढचं येत नाही,
म्हणून पुन्हा ओंदु.
चार किलोमीटर मी असे केले,
पंचवीस-पंचवीस पावलांचे,
येत नसलेल्या आकड्यांच्या अलीकडं राहून.

कमान उतरवायला पोरं शिडीवर चढली होती.
घड्याळ चालू होतं. मुदत साडेआठ तास,
मी आठ तास, एकतीस मिनिटं, चार सेकंद.
पदकांच्या खोक्याला चिकटपट्टी लागली होती.
गळ्यात पट्टा घातलेली मुलगी म्हणाली, "सॉरी हं, मॅडम,"
आणि एक केळं दिलं.
ते मी उभ्यानंच खाल्लं,
सालीच्या आतल्या धाग्यांसकट.

"सगळ्यांना मिळतं म्हणालीस?"
सासूबाई म्हणाल्या, आणि बंब पेटवायला गेल्या.

सोमवारी फौंड्रीत जिना उलटी चढले,
पुढं तोंड करून गुडघे ऐकेनात.
साडेआठचा भोंगा झाला. फाटक लागलं.
मोल्डिंगचा यल्लाप्पा धापा टाकत खिडकीशी आला,
आठ एकतीस.
बारा वर्षं अशा वेळी मी लाल पेन उचलत आलेय.
"लिहा की बाई," तो म्हणाला, "बस चुकली,
सुळग्यापासनं पळत आलोय."

सुळगा. मनातल्या मनात मी किलोमीटर मोजले.
त्याच्या चपलेचा अंगठा तुटून दोरीनं बांधला होता.
निळं पेन सापडेना.
यल्लाप्पा उभाच होता,
आणि मी खण उपसत राहिले.